मर्व्हचे प्रवेशपत्र आणि सत्तेचाळीस मिनिटांचा शेक

प्रति,
मा. श्री. टेरेन्स ओकडेन,
प्रवेश व अभ्यागत नियंत्रण अधिकारी,
पोर्ट मॅरिगन विद्यापीठ,
पोर्ट मॅरिगन, न्यू साउथ वेल्स.

विषय : सेवानिवृत्त तंत्रज्ञ श्री. मर्व्हिन टिलब्रूक (वय ७६) यांना रोज सकाळी साडेदहा वाजता पातळ थर प्रयोगशाळेत येण्यासाठी कायम प्रवेशपत्र मिळणेबाबत. (अर्ज दुसरा)

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ४ ऑगस्टचा अर्ज.
२) आपले दि. १९ ऑगस्टचे नकाराचे पत्र.
३) आपली दि. १३ ऑक्टोबरची नोटीस, जिच्यात ‘डोक्यावर पांढरा डबा घातलेला संशयास्पद इसम’ असा उल्लेख आहे. तो इसम म्हणजेच श्री. टिलब्रूक.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार ग्लेनिस वॉर्ब्रिक, ज्येष्ठ तंत्रज्ञ, पातळ थर प्रयोगशाळा (सेवा २६ वर्षे, रजा शिल्लक भरपूर) सविनय सादर करते की, पहिल्या अर्जात अर्जदाराने प्रवेशाचे कारण ‘चहाला येतात’ असे खरेखुरे लिहिले होते. त्यावर आपण कळवलेत की चहा हे ग्राह्य कारण नाही. कारणाच्या रकान्यात ‘बैठक’, ‘दुरुस्ती’, ‘माल पोहोचवणे’ व ‘उपकरण’ ही चारच कारणे चालतात. अर्जदाराने या चारांचा शांतपणे विचार केला. बैठकीत मर्व्हला झोप लागते. दुरुस्ती करायला गेला तर मोडतोड वाढते. माल म्हणावा तर तो स्वतःच्या पायांनी येतो. सबब हा अर्ज ‘उपकरण’ या सदराखाली करण्यात येत आहे. हसू नये. पुढे पुरावे आहेत.

१. आधी आमचे काम थोडक्यात. एका निर्वात पात्रात झिंक ऑक्साइडची वडी गरगर फिरत असते. तिच्यावर सेकंदाला दहा या हिशेबाने लेझरचे ठोके बसतात. प्रत्येक ठोक्याला वडीतून जांभळट झोत उसळतो आणि समोरच्या काचेवर अतिसूक्ष्म कणांचा थर साचत जातो. कण असे की एका केसाच्या रुंदीत हजारो आरामात झोपतील. हा थर अर्धवाहक असतो. म्हणजे वीज जाऊ देतो, पण अटी घालून. आपण बसवलेल्या फाटकाचे कामकाज पाहता हे आपणास लगेच उमगेल.

थर बसला म्हणजे गंगेत घोडे न्हाले असे मात्र नाही. ताजा थर कच्चा, धुरकट तपकिरी असतो, त्यातले कण एकमेकांना धड धरून नसतात. त्याला चारशे अंशांच्या भट्टीत शेकावे लागते. शोधनिबंधात याला अ‍ॅनीलिंग म्हणतात, आम्ही शेक म्हणतो. शेक कमी पडला तर थर बावचळतो. जास्त झाला तर कण एकमेकांत मिसळून जाडजूड होतात आणि थर ढिम्म बसून राहतो. बरोब्बर झाला तर काच जवळजवळ नितळ दिसते आणि थर शहाण्यासारखा वागतो. सगळी गोम या शेकात आहे, हे कृपया ध्यानी ठेवावे.

२. हे थर बनवते कुमारी लोसालिनी तुइसावा, फिजी बेटांवरच्या सुव्हाहून आलेली आमची संशोधक विद्यार्थिनी. तिचा थर शिळी कोळंबी ओळखतो. शिळ्या कोळंबीतून निघणारा वायू थरावर बसला की विजेचा प्रवाह बदलतो आणि यंत्र शिट्टी मारते. साडेतीन वर्षे तिने यावर घालवली आहेत. येत्या ३ नोव्हेंबरला इथल्या मच्छीमारांच्या सहकारी मंडळासमोर तिची चाचणी आहे.

जूनपर्यंत तिचे सगळे थर उत्तम निघत होते. १ जुलैला आपले नवे फाटक सुरू झाले आणि त्याच दिवसापासून एकही थर धड निघेना. यंत्र ताज्या कोळंबीला शिट्टी मारू लागले. लोसालिनीने केस धुतले की शिट्टी. एकदा अर्जदार नुसती खोलीत शिरली तरी शिट्टी. अर्जदाराने त्या दिवशी आंघोळ केली होती, हे इथे मुद्दाम नमूद करते.

आम्ही लेझरवर संशय घेतला. त्याची काच घासली. वडी बदलली. निर्वात पात्राचे सगळे सांधे उघडून पुन्हा बसवले, त्यात अर्जदाराच्या अंगठ्याचे नख गेले. नऊ आठवडे आम्ही साप समजून भुई धोपटत होतो.

३. अखेर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लोसालिनीने जुन्या नोंदवह्या काढल्या. शेकाच्या रकान्यात, अकरा वर्षांच्या सगळ्या वह्यांत, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, एकच नोंद होती : ‘चारशे अंश, एक चहा.’

महोदय, याचा खुलासा असा. आमच्या भट्टीवरचे घड्याळ फार वर्षांपूर्वी बंद पडले. दुरुस्तीचा अर्ज केला होता, तो बहुधा आपल्याच मजल्यावर कुठेतरी असेल. तेव्हापासून प्रथा अशी की साडेदहाला काच भट्टीत सरकवायची, चहाला बसायचे आणि चहा संपला की काढायची. वेळ कोणी मोजली नाही, कारण चहा सगळ्यांनाच ठाऊक होता. जगात कुठल्याही शहाण्या प्रयोगशाळेत असे चालत नसेल. आमच्याकडे चालले आणि छान चालले, कारण चहाला मर्व्ह होता.

मर्व्हने या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काढली. निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला हजर. कुणी काही विचारले नाही, कपात चहा ओतला. आणि रोज, महोदय, रोज, मर्व्ह चहाबरोबर एकच गोष्ट सांगतो. तळ्यावरच्या माशाची. त्या गोष्टीला सत्तेचाळीस मिनिटे लागतात.

मर्व्ह नाही तर गोष्ट नाही. गोष्ट नाही तर सगळे खाली मान घालून चहा ढोसतात आणि चौदा मिनिटांत उठतात. म्हणजे आपल्या फाटकाने मर्व्हला अडवले आणि लोसालिनीचे थर तेहेतीस मिनिटे कच्चे राहू लागले. अर्जदाराला हे कळले तेव्हा ती हसता हसता खुर्चीवरून पडली. पडण्याची नोंद अपघात वहीत केली आहे.

४. शास्त्र म्हणजे शास्त्र. एवढ्यावर भरवसा ठेवणे बरे नव्हे, म्हणून आम्ही पडताळणी केली.

नमुना क्र. ७४ : गोष्ट लोसालिनीने सांगितली. तिला ती पाठ आहे. पण पोरगी मुळात सरळ. माशाची लांबी तिने एकदाच आणि खरी सांगितली. बावीस मिनिटांत मासा संपला. थर कच्चा.

नमुना क्र. ७५ : मर्व्हच्या आवाजाची जुनी ध्वनिफीत लावली. ध्वनिफितीला मध्येच ‘मग केवढा होता मासा?’ असे विचारता येत नाही, आणि विचारले तरी ती थांबत नाही. एकोणतीस मिनिटे. थर अर्धाकच्चा. वातावरण उदास.

नमुना क्र. ७६ : मर्व्हला फोन केला. मर्व्हला फोनवर ऐकू येत नाही. ‘कोण बोलतंय?’ यातच वीस मिनिटे गेली. मग तो रेडिओ बंद करायला गेला, तिकडे त्याला चष्मा सापडला, त्याचा आनंद झाला. एक तास बावन्न मिनिटे. थर जळून ढिम्म. त्याच्यापुढे तीन दिवसांची कोळंबी ठेवली, मजला रिकामा झाला, यंत्राने हूं की चूं केले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गणित विभागाची तक्रार आपणाकडे आलीच असेल.

नमुना क्र. ७७ व ७८ : मर्व्हला प्रत्यक्ष आणले. आवाराच्या आत नव्हे. आपला नियम आम्ही मोडलेला नाही. मर्व्ह फाटकाशेजारच्या कुंपणाच्या पलीकडे घडीच्या स्टुलावर बसला, आम्ही अलीकडे उभे राहिलो आणि चहाचा कप जाळीखालच्या फटीतून सरकवला. दोन्ही दिवस सत्तेचाळीस मिनिटे, एखादा सेकंद इकडेतिकडे. दोन्ही थर नितळ. यंत्राने ताजी कोळंबी ताजी म्हटली, शिळी शिळी म्हटली, आणि अर्जदाराला काहीच म्हटले नाही.

५. आता डब्याविषयी. सध्या मॅगपाय पक्ष्यांची पिल्ले घरट्यात आहेत आणि एक घरटे नेमके कुंपणापाशीच्या निलगिरीवर आहे. तिथे ‘सावधान, पक्षी झडप घालतात’ ही पाटी आपल्याच कार्यालयाने लावली आहे. मर्व्हने पाटी वाचली, घरी गेला आणि दोन लिटरचा आइस्क्रीमचा डबा डोक्यावर घालून आला. डब्याच्या मागच्या बाजूला त्याने काळ्या शाईने दोन डोळे काढले आहेत, म्हणजे पक्ष्याला वाटावे की हा मागे बघतोय. आपल्या कॅमेऱ्याला जो चेहरा दिसला व ‘ओळख पटत नाही’ असा शेरा पडला, तो हा चेहरा. जो माणूस पाटी वाचून पाळतो त्याला संशयास्पद म्हणणे अर्जदाराला रुचले नाही, इतकेच नमूद करून पुढे जाते.

आपण पहारेकरी श्री. क्लाइव्ह हॅरॅडीन यांना या इसमास हटवण्यास पाठवलेत. ते आले, आपली नोटीस मोठ्याने वाचली, आणि मर्व्ह तेव्हा गोष्टीत तळ्याच्या मधोमध पोचला असल्याने त्यांनी नोटीस घडी करून खिशात ठेवली व विचारले, ‘इंजिन बंद पडलं म्हणजे? पेट्रोल नव्हतं का?’ तेव्हापासून श्री. क्लाइव्ह त्या इसमास रोज हटवण्यास येतात. ते फार कर्तव्यदक्ष आहेत. अडचण एवढीच की दरवेळी शेवट जवळ आला की त्यांच्या खांद्यावरचा बिनतारी संच खरखरतो आणि त्यांना जावे लागते. शेवट त्यांना अद्याप कळलेला नाही.

६. इथवर अर्जदाराचा पक्ष भक्कम आहे. इथेच अर्ज संपवून सही करावी असे अर्जदाराच्या मनात होते. परंतु नमुना क्र. ७९ आहे.

शुक्रवार दि. १७ रोजी लोसालिनीने घरून स्वयंपाकघरातले घड्याळ आणले. कोंबडीच्या आकाराचे आहे. मान पिळली की वेळ लागते. तिने सत्तेचाळीस मिनिटे लावली, भट्टीशेजारी ठेवले आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो. कोंबडी ओरडली, काच काढली. थर नितळ. कोळंबीच्या परीक्षेत पहिला. नमुना क्र. ७८ आणि ७९ शेजारी ठेवले तर बनवणारीलाही सांगता येणार नाही की कोणता मर्व्हचा आणि कोणता कोंबडीचा.

अर्जदाराने नमुना क्र. ७९ खणात टाकला आणि खण लावून घेतला. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. लोसालिनी दारातून बघत होती. मग म्हणाली, ‘बाई, न पटणारा नमुना लपवायचा नाही, हे पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत ना मला?’

शिकवले होते. म्हणून नमुना सोबत जोडला आहे. लोसालिनीचा प्रश्न सुटला, ३ तारखेची तिला काळजी उरली नाही, पोरगी दोन दिवस गाणी म्हणत फिरते आहे. अर्जदाराचा ‘उपकरण’ हा मुद्दा मात्र जागच्या जागी आडवा झाला. उपकरण म्हणून मर्व्हची आम्हाला गरज नाही. त्याचे काम कोंबडी करते, आणि कोंबडीला प्रवेशपत्र लागत नाही.

७. सोमवारी मी कुंपणापाशी गेले. नियमावलीत म्हटले आहे की अर्जात ‘मी’ वापरू नये, ‘अर्जदार’ म्हणावे. आतापर्यंत म्हटले. इथून पुढे जमणार नाही, क्षमा असावी.

मर्व्ह स्टुलावर बसला होता, डोक्यावर डबा, मांडीवर रुमालात बांधलेला फळांचा केक, हातात जाळीखालून घेतलेला कप. गोष्ट नुकतीच सुरू केली होती. मी मध्येच त्याला सांगून टाकले की घड्याळाने काम भागते, पोरीचा थर जमला. पोटात ठेवणे मला कधी जमत नाही.

त्याने डबा काढून हातात घेतला. ‘झालं ना पोरीचं काम? ब्येस झालं,’ म्हणाला. खरेच आनंदला होता, ते तोंडावर दिसत होते. मग त्याने कप जाळीखालून परत सरकवला, स्टूल मिटले आणि विचारले, ‘मग ग्लेनिस, उद्या नको ना येऊ?’

महोदय, मला सव्वीस वर्षांत त्या इमारतीत इतके अवघड काही कुणी विचारले नाही. मी म्हटले, ‘उद्या ये.’ एवढेच सुचले.

गोष्ट त्या दिवशी अर्धीच राहिली. ती आपणास सांगणे आता भाग आहे. एकोणऐंशी साली मर्व्ह आणि त्याची बायको नोएलीन होडी घेऊन तळ्यावर गेले. गळाला चपट्या डोक्याचा मोठा मासा लागला. किती मोठा, याला आठ मिनिटे लागतात, आणि तो दरवर्षी दोन बोटे वाढतो. हल्ली मर्व्हचे हात पुरत नाहीत, तो दाराची चौकट वापरतो. इंजिन बंद पडले. माशाने होडी ओढत नेली. एका पाणकोळ्याने सँडविच पळवले. दोरी तुटली, मासा गेला, वल्हे गेले, दिवस मावळायला आला, आणि मर्व्ह होडीत उभा राहून स्वतःला, माशाला आणि इंजिन बनवणाऱ्याला शिव्या घालू लागला. तेव्हा नोएलीन म्हणाली, ‘मर्व्ह, बस खाली. घाई कसली आहे? थर्मासमध्ये चहा आहे अजून.’

गोष्ट इथे संपते. पुढे काही नाही. कसे परत आले ते मर्व्ह सांगत नाही, आम्ही विचारत नाही. नोएलीनला जाऊन अडीच वर्षे झाली. मर्व्ह घरी एकटा असतो. रोज सकाळी तो सेहेचाळीस मिनिटे खर्च करतो ती हे एक वाक्य तिच्या आवाजात म्हणण्यासाठी, आणि ते म्हणायला समोर माणसे लागतात. भिंतीला सांगून होत नाही. मी माझे वडील गेल्यावर करून पाहिले आहे.

(हा परिच्छेद श्री. क्लाइव्ह यांना कृपया दाखवू नये. त्यांना शेवट मर्व्हकडूनच ऐकायचा आहे, तसे त्यांनी मला शपथ घालून सांगितले आहे.)

८. तरी विनंती अशी. माझा ‘उपकरण’ सदराखालचा दावा मी आपल्या हाताने मागे घेत आहे. तो फसवा होता असे नाही, पण आता उरला नाही. थरांचे आमचे ठीक चालले आहे. बैठक, दुरुस्ती, माल यांतले काहीही खोटे लिहून मी त्याला आत आणू शकते, आणि आपल्या कार्यालयाला ते कळणारही नाही, कारण तुमचे लोक रकाना बघतात, माणूस बघत नाहीत. पण नमुना ७९ नंतर माझ्याच्याने खोटे लिहवत नाही. पोरीने माझी पंचाईत करून ठेवली आहे.

म्हणून रकान्यात पाचवे कारण वाढवावे आणि तिथे ‘चहा’ असे लिहावे. पहिल्या अर्जात मी तेच लिहिले होते. तेव्हा कारण एका ओळीत दिले म्हणून पटले नसेल. या वेळी सविस्तर दिले आहे.

आणि आपण स्वतः एकदा साडेदहाला खाली यावे. आपण या विद्यापीठात तीन वर्षे आहात व आपला डबा आपण कार्यालयात दार लावून खाता, असे श्री. क्लाइव्ह म्हणाले. ते चुगली म्हणून नाही म्हणाले. खालच्या मजल्यावर यायला आपणास प्रवेशपत्र लागत नाही. सत्तेचाळीस मिनिटे काढून यावे, मध्ये उठू नये, आणि मासा केवढा होता हे जरूर विचारावे. विचारले नाही तर त्याला वाईट वाटते.

किटली उकळत ठेवून आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
ग्लेनिस वॉर्ब्रिक
ज्येष्ठ तंत्रज्ञ, पातळ थर प्रयोगशाळा
दि. २१ ऑक्टोबर

सोबत :
१) नोंदवहीच्या पानांच्या प्रती, ‘एक चहा’ या नोंदीखाली लाल रेघ मारून.
२) नमुना क्र. ७८ व ७९, एकाच पाकिटात, चिठ्ठ्या न लावता. ओळखता आल्यास मलाही कळवावे.
३) पहारेकरी श्री. क्लाइव्ह हॅरॅडीन यांचे पाठिंब्याचे पत्र. (त्यात ‘शेवट कळेपर्यंत बदली करू नये’ अशी वेगळी मागणी आहे, तिच्याशी माझा संबंध नाही.)
४) फळांच्या केकचा तुकडा एक, मर्व्हने दिलेला, साहेबांसाठी म्हणून.
५) कप एक, निळा, कानाला थोडा टवका. खाली ‘मर्व्ह’ असे लिहिले आहे. कपाटात नुसता पडून होता म्हणून पाठवला. काम झाल्यावर परत करावा, शक्यतो त्याच्याच हाती.